गोण्यांचं पाणी

जळगावच्या एमआयडीसीतून दुपारी चालत गेलं, की एका कारखान्यातल्या मागांचा आवाज संपायच्या आत पुढच्याचा सुरू होतो. चटया विणणारे माग. प्लास्टिकच्या बारीक, पोकळ नळ्या आडव्या सरकतात, उभे धागे त्यांना धरून ठेवतात, आणि पलीकडून निळ्या-केशरी, हिरव्या-पिवळ्या चटया सावकाश जमिनीवर उतरत राहतात. अशाच एका कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. माझ्या टेबलासमोर मोठी काच आहे आणि काचेपलीकडे माग. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी त्या काचेतून बघत बसले की थोड्या वेळाने आवाज ऐकू येईनासा व्हायचा आणि नुसते रंग चालत राहायचे. कुणी फाइल मागितली की दचकून जाग आल्यासारखं व्हायचं.

आमच्या चटया जुन्या प्लास्टिकच्या. खताच्या, साखरेच्या रिकाम्या गोण्या धुऊन, फाडून, वितळवून त्यांचा दाणा करतात. तो दाणा आमच्याकडे पोत्यांतून येतो, त्यात रंग मिसळतो. हे मला ठाऊक होतं. नदी डोंगरातून येते हे आपल्याला ठाऊक असतं ना, तसंच. डोंगर कुठे पाहिलेला असतो?

काही वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झालेली असताना, आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म आला. उत्तर युरोपातली कंपनी. तिथले लोक आमच्या चटया बागेत आणि बाल्कनीत अंथरतात. त्यांना आता हवं होतं, की हे जुनं प्लास्टिक नेमकं कुठून येतं ते आम्ही शेवटच्या टोकापर्यंत लिहून द्यावं. कोण गोळा करतं, कोण धुतं, कशाने धुतं. आणि एक प्रश्न होता : धुतल्यानंतरचं पाणी कुठे जातं?

मी तो कागद घेऊन शेठजींच्या केबिनमध्ये गेले. शेठजी साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. स्वतः मागावर काम करून वर आलेले. अजूनही चालता चालता थांबून एखादी नळी बोटांत चिरडून बघतात.

त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, हे मलाही माहीत नाही."

"मग काय लिहू?"

"जाऊन बघून या," ते म्हणाले. त्या वेळी त्यांनाही वाटलं नसेल की यातून इतकं काही निघेल.

दाणा बनवणाऱ्या कारखान्यातून मला धुळ्याच्या एका भंगारवाल्याचा पत्ता मिळाला. सगळे त्याला नाना म्हणायचे, मीही म्हणू लागले. हायवेलगत त्यांचं गोदाम, पत्र्याच्या आत गोण्यांचे ढीग छतापर्यंत. नाना धोतर-टोपीतले, मोठ्या पोटाचे आणि मोठ्या मनाचे. मी आल्याचं कारण सांगितल्यावर ते हसलेच.

"गोण्या कुठे धुतात ते बघायला जळगावहून आल्या तुम्ही? बसा गाडीत."

त्यांच्या पिकअपमध्ये बसून आम्ही शिरपूर मागे टाकलं. हिवाळ्याचं ऊन काचेतून मांडीवर येत होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधूनच तुरीची हिरवी पट्टी, आणि समोर सातपुडा, आधी धुरकट निळा, मग राखाडी, मग एकेक झाड दिसेल इतका जवळ. मला गाडीत डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा गाडी थांबलेली होती आणि समोर एक लहानशी नदी होती. नदीच्या दोन्ही काठांवर, खडकांवर, झुडपांवर, बाभळींच्या खालच्या फांद्यांवर पांढरंच पांढरं पसरलेलं. क्षणभर मला वाटलं, बगळ्यांचे थवे उतरलेत. मग एका बगळ्यावर हिरवी अक्षरं दिसली. खताच्या गोण्या वाळत घातल्या होत्या.

पाण्यात सात बाया गुडघाभर उभ्या होत्या. गोणी उलटी करायची, पाण्यात बुडवायची, खडकावर दोनदा आपटायची, पिळायची, काठावर फेकायची. एक जण काही बोलायची आणि बाकीच्या हसायच्या. पाणी त्यांच्या पायांपासून पांढुरकं होऊन खाली जात होतं. पुढच्या वळणावर ते हिरवंगार दिसत होतं, शेवाळाने.

त्यांतली सगळ्यात मोठी, पन्नाशी ओलांडलेली, पदर खोचत वर आली. नाना तिला अक्का म्हणाले. सातही बाया जवळच्या डोंगरपायथ्याच्या गावातल्या. बहुतेक पावसावरची शेती, ती आटोपली की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हे काम.

"कोठून उनी वं बाई तू?" अक्काने विचारलं.

"जळगावहून. चटईच्या कारखान्यातून."

"चटईना कारखाना? मंग आठे काय काम शे तुनं?"

मी वही काढली. प्रश्न विचारताना मला माझाच आवाज परका वाटत होता. किती जणी, किती तास, हात कशाने झाकता. ती उत्तरं देत होती आणि मधूनच माझ्याकडे असं बघत होती, की ही पोरगी जेवून आली का नाही. मग मी तो प्रश्न विचारला.

"हे पाणी कुठे जातं, अक्का?"

ती नदीकडे वळली, मग माझ्याकडे. "पानी? नदीमा जास. आखो कोठे जाई?"

बाकीच्या बाया हसल्या. ती हसली नाही. खडकावर बसली आणि तिने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी पडून सोललेली, अंगठ्याजवळ भेगा.

"हाई बी लिखी ले," ती म्हणाली. आणि मग, "मनी शेळी मरी गयी मागला साल. सकाये आठलं पानी पिनी, दुपारले मरी गयी."

काठच्या डबक्यात गोण्यांतलं खत उतरलेलं होतं. शेळी तिथेच पाणी प्यायली. तेव्हापासून त्या शेरडं वरच्या अंगाला बांधून येतात. पण खालच्या गावाच्या म्हशींचं काय, हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी हे लिहीन," मी म्हणाले.

"लिखी ले. बठ्ठं लिखी ले. खोटं नको लिखू."

तिने मला ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. आम्ही खडकावर बसून जेवलो. ऊन उतरत होतं, गोण्या वाऱ्याने हलत होत्या, आणि मला आठवतंय, जेवताना मी अगदी निवांत होते. जे पाहिलं ते अजून माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते पोचलं परतीच्या एसटीत, अमळनेरच्या जवळपास. फॉर्ममध्ये त्या प्रश्नापुढे खूण करायला चार चौकोन होते आणि नदीचा चौकोन त्यांत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. मी काढलेले फोटो पाहिले. अक्काच्या हातांचा फोटो त्यांनी दोनदा पाहिला.

"बाकीचे कारखाने काय लिहितात?" त्यांनी विचारलं.

मी चौकशी केली होती. "टाकीत धुतो, पाणी पुन्हा वापरतो, असं लिहितात. फॉर्म भरून देणारी माणसंसुद्धा आहेत."

ते खुर्चीत मागे रेलले. "ताई, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणणार नाही. पण नीट विचार करा. खरं लिहिलं तर ते माल बंद करतील. मग मी काय करीन? नवा दाणा घेईन. स्वच्छ, कंपनीतून आलेला. त्याला धुवायला नको, कुणाला विचारायला नको. मग त्या बाईच्या हाताला काम कोण देणार? सांगा."

ते चिडून बोलले असते तर सोपं गेलं असतं.

रविवारी मी घरी भडगावला गेले. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, गिरणेच्या कालव्यावर. तीसेक वर्षं त्यांनी रोज सकाळी पाण्याची पातळी वहीत लिहिली. आता निवृत्त झालेत, सकाळी विहारात वंदनेला जातात आणि आल्यावर अंगणात खुर्ची टाकून बसतात. मी त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. शेठजींचं म्हणणंही सांगितलं, अगदी त्यांच्या बाजूने बोलल्यासारखं.

ते ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "त्या बाईला काय सांगून आलीस?"

"लिहीन म्हणून."

"मग?"

आणि चहाचा कप उचलून ते पेरूच्या झाडाकडे बघू लागले. मला जरा रागच आला. सांगणं किती सोपं असतं यांना, असं वाटलं. पण सोमवारी सकाळच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या डोक्यात वाक्यं तयार होत होती, आणि ती खरी वाक्यं होती.

चौकोन कोरे सोडून मी एक वेगळा कागद जोडला. नदी, सात बाया, शेवाळ, शेळी, हात. शेवटी लिहिलं, की हे काम बंद झालं तर या बायांचं काय होईल याचाही विचार व्हावा. शेठजींनी कागद वाचला. मग पेन घेऊन खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, आणि मला तिचं इंग्रजी करायला सांगितलं : आम्हाला एक वर्ष द्या, आम्ही हे सुधारू.

"कसं सुधारणार, शेठजी?"

"ते मलाही माहीत नाही," ते म्हणाले आणि सही केली.

उत्तर यायला महिना लागला. मग एके दिवशी व्हिडिओ कॉल ठरला. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई होती, तिच्या पाठीमागच्या खिडकीत बर्फ. तिने पहिला प्रश्न अक्काच्या हातांचा विचारला. औषध मिळतं का, म्हणाली. त्यानंतर कामाचं बोलली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत वेळ देऊ. तोवर ऑर्डर निम्मी.

निम्मी म्हणजे काय, ते मला काचेपलीकडे दिसलं. तीन माग बंद झाले. ज्या जागी सतत रंग उतरायचे तिथे नुसती जमीन दिसू लागली. त्या मागांवरचा एक कारागीर, वयाने माझ्याहून मोठा, रोज सकाळी मला "काय ताई" म्हणायचा. तो म्हणेनासा झाला. काही आठवड्यांनी तो सुरतेला निघाला, तेव्हा मला स्टँडवर भेटला. बायको आणि दोन बोचकी सोबत.

"तुम्ही लिहिलं म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"बरं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. गाडी लागली आणि तो चढला. तो आजही सुरतेलाच आहे. त्याच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते कुठल्या फॉर्ममध्ये लिहिता येत नाही.

टाकी कुठे बांधायची यावर नाना आणि शेठजी बरेच दिवस बोलत होते. धुळ्यात बांधायची तर पाणी टँकरचं, आणि बायांचं काम जाणार. गावात बांधायची तर घाण पाणी टाकायचं कुठे? मी पुन्हा नदीवर गेले. आता थंडी कडक होती. बाया सकाळी शेकोटीपाशी हात शेकून मग पाण्यात उतरत होत्या. मी अक्काला अडचण सांगितली.

ती मला हाताला धरून काठावर घेऊन गेली. गोण्या वाळायला टाकतात तिथे, जिथे त्यांचं पाणी ठिबकतं, तिथे गवत कमरेइतकं वाढलं होतं. आसपासचं सगळं पिवळं पडलेलं आणि तेवढाच तुकडा गर्द हिरवा.

"हाई पानी नही शे," अक्का म्हणाली. "हाई खत शे. आम्ही नदीमा फेकतस."

इतकी साधी गोष्ट. फॉर्म बनवणाऱ्यांना, मला, शेठजींना, कुणालाच सुचली नव्हती. शेळीला मारणारं पाणी गवताला वाढवत होतं.

अक्काच्याच शेताच्या बांधाला दोन टाक्या बांधल्या. पहिलीत गोण्या भिजवायच्या, दुसरीत खळबळायच्या. पहिलीचं पाणी शेताला, दुसरीचं पुढच्या खेपेला पहिलीत. फक्त खताच्या गोण्या. फवारणीच्या औषधाची एकही गोणी येऊ द्यायची नाही, हे नानांनी जातीने बघायचं. दाणेवाल्याने सिमेंट दिलं, शेठजींनी गवंडी पाठवला. पहिलीच टाकी आठवड्यात तडकली. दुरुस्त केली. मग शेजारच्या शेतकऱ्याने हौसेने ते पाणी आपल्या मेथीला सोडलं आणि दोन दिवसांत सगळी मेथी करपली. तो अक्काच्या दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला. अक्काने ऐकून घेतलं. मग घरात गेली, स्वतःच्या वाफ्यातली मेथी उपटून त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "पानी पातळ करनं पडी. आम्हले बी आत्तेच समजनं."

नंतर बाया ते पाणी बादल्यांनी मोजून, विहिरीच्या पाण्यात मिसळून मक्याला देऊ लागल्या. मका बरा आला. तोच शेतकरी पुढे नंबर लावून पाणी नेऊ लागला.

बायांना मात्र नदी सुटल्याचं वाईट वाटलं, हे सांगितलं पाहिजे. टाकीपाशी पत्र्याची सावली होती, हातमोजे होते, पाय कोरडे होते. पण नदीत उभं राहून जे बोलणं व्हायचं ते टाकीपाशी होईना. हातमोजे पहिले पंधरा दिवस खुंटीलाच लटकत होते. त्यांतली एक मला म्हणाली, तिथे पाणी सगळं ऐकायचं आणि घेऊन जायचं. इथे बोललेलं इथेच राहतं. हळूहळू त्यांनी टाक्यांच्या मधल्या जागेत एकमेकींकडे तोंड करून बसायची सवय लावून घेतली. हातमोजेही चढले. अक्काच्या तळव्यांच्या भेगा उन्हाळ्यापर्यंत बुजल्या.

नदी सुधारली का? छातीठोक सांगता येत नाही. पावसाळ्यानंतर गेले तेव्हा वळणावरचं शेवाळ कमी वाटलं. वरच्या अंगाला कुणीतरी दुसरं गोण्या धुवायला लागलं होतं. नाना त्यांच्याशी बोलायला गेले. पुढच्या हिवाळ्यात पांढऱ्या केसांच्या बाईने टाक्यांचे फोटो पाहिले, पुष्कळ प्रश्न विचारले आणि ऑर्डर परत वाढवली, पूर्वीइतकी नाही, पण तीनपैकी दोन माग चालू होतील इतकी.

ते माग चालू झाले त्या आठवड्यात अक्काला मी कारखाना बघायला बोलावलं. तिने जळगाव कधी पाहिलं नव्हतं. नाना तिला गाडीत घेऊन आले. नवं लुगडं, केसांना तेल. शेठजी केबिनमधून उठून बाहेर आले आणि तिला म्हणाले, "या अक्का." तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि मान हलवली.

दाणा वितळतो तिथे ती बराच वेळ उभी राहिली. गरम नळ्या पाण्यातून जाताना वाफ निघत होती. मग मागांपाशी आलो. ती खाली बसली, थेट जमिनीवर, उतरणाऱ्या चटईच्या अगदी जवळ. जांभळी चटई होती, कडेला पिवळी नक्षी. तिने तिच्यावर हात ठेवला आणि चटई पुढे सरकेल तसा हातही पुढे जाऊ दिला. किती वेळ तशी बसली होती कुणास ठाऊक. मी काचेतून बघते तेव्हा मला जे होतं ते तिला होत होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"यामा आम्हनी गोणी कोणती?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही अक्का. सगळं एक होतं."

"बठ्ठं एक," ती स्वतःशीच म्हणाली. तिला ते आवडलं की नाही, मला कळलं नाही.

शेठजींनी तिला हवी ती चटई निवडायला सांगितली. ती गोदामात तासभर हिंडली आणि शेवटी तीच जांभळी घेतली. नानांना जळगावात काम होतं म्हणून संध्याकाळच्या आत ती पोचावी म्हणून मी तिला धुळ्याच्या एसटीत बसवून दिलं. तिथून तिचा भाचा घ्यायला येणार होता. गुंडाळलेली चटई तिने मांडीवर आडवी धरली, ती शेजारणीच्या अंगावर जात होती. कंडक्टर आला.

"अक्का, चटई वर ठेवा. केवढ्याला घेतली?"

"इकत लेयेल नही," अक्का म्हणाली. "मनी करेल शे."

कंडक्टर हसला आणि पुढे गेला. अक्का खिडकीबाहेर हात काढून जा म्हणाली. गाडी स्टँडबाहेर वळली. मी चालत कारखान्यात परत आले, कारण पाच वाजेपर्यंत कंटेनर भरायचा होता आणि याद्या अजून टाइप व्हायच्या होत्या.